गावचा किनारा खचतोय, बंधारा घालावा का? खडकवासल्याच्या जाणकारांनी कृपया लिहावं

आगरातली | १४ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते. माहेर दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या विषयावरून गावात आधीच दोन तट पडलेत.

आमचं नारळी-पोफळीचं आगर, त्यापुढे चिऱ्याचा गडगा, गडग्यापुढे केवड्याचं बन आणि मग पुळण. लहानपणी मे महिन्यात गडग्यावरून उडी मारली की ओल्या वाळूपर्यंत पळत सुटायचो, इतके पाय भाजायचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पुढची सुरूची रांग गेली. त्यानंतर दर पावसाळ्यात केवडा थोडा थोडा तुटत गेला. यंदा ज्येष्ठ अमावास्येच्या उधाणाला पाणी थेट गडग्याला लागलं आणि सात माड आडवे झाले. आठव्याची मुळं उघडी पडून लोंबतायत. बाबांनी त्याचा फोटो पाठवला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. सुमारे ४०० मीटर लांबीचा दगडी धूपप्रतिबंधक बंधारा. भाऊ म्हणतो, मिळतोय तर घ्यावा, उद्या घर गेलं तर कोण विचारणार? बाबा ७८ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, शेजारच्या वाडीकडे बघा. तिथं सहा वर्षांपूर्वी बंधारा झाला. वाडी वाचली, पण पुळण गेली. होड्या ओढायला जागा उरली नाही, ऐन मार्गशीर्षातही भरतीचं पाणी दगडालाच टेकलेलं असतं.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पुण्यात राहतेस, खडकवासल्याला लाटांचे प्रयोग करतात ना? विचार कुणाला तरी." म्हणून हा धागा काढला. बंधारा घालावा का, आणि नाही तर दुसरं काय?

सायकलवाली | १४ जुलै, रात्री ११.०५

ताई, वाचून वाईट वाटलं. मी गेल्या वर्षी पाँडिचेरीला जाऊन आले. तिथं गांधी पुतळ्यासमोर कित्येक वर्षं फक्त काळे दगड होते. आता तिथं पुन्हा वाळू आली आहे, लोक पाण्यात पाय बुडवून बसतात. पाण्याखाली काहीतरी लोखंडी बसवलंय असं तिथल्या माणसानं सांगितलं. जाणकारांनी खुलासा करावा. तसं कोकणात करता येईल का?

तरंगकाका | १५ जुलै, सकाळी ७.३०

आगरातली ताई, मी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बरीच वर्षं किनाऱ्याच्या कामावर होतो, आता निवृत्त आहे. लिहितोय ते माझं स्वतःचं मत. जागा न बघता 'घाला' किंवा 'घालू नका' सांगणं योग्य नाही, म्हणून आधी काही गोष्टी समजून घेऊ.

समुद्र नसलेल्या पुण्यात समुद्राचे प्रयोग कसे, असं लोक नेहमी विचारायचे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्यानं सिंचनाच्या अभ्यासासाठी एक लहान विभाग काढला, त्यातून ही संस्था वाढली. धरणाच्या पायथ्याशी पाणी होतं, जागा होती. मोठ्या हौदात बंदराची किंवा बंधाऱ्याची प्रतिकृती बांधायची आणि हलत्या फळीनं लाटा उठवायच्या. १:१०० ची प्रतिकृती असेल तर समुद्रातली १० सेकंदांची लाट हौदात १ सेकंदाची होते, कारण वेळ लांबीच्या वर्गमुळानं कमी होतो. दगडांना रंग देऊन पट्ट्यापट्ट्यांनी रचतात, म्हणजे कुठला दगड कुठून निसटला ते लगेच दिसतं.

पण वाळूची प्रतिकृती करता येत नाही. पाव मिलिमीटरच्या कणाचा शंभरावा भाग केला तर ती वाळू राहतच नाही, गाळासारखी चिकटायला लागते. त्यामुळे दगड टिकेल का, याचं उत्तर हौद चांगलं देतो. पुळण टिकेल का, हे मात्र किनाऱ्यावर जाऊन वर्षानुवर्षं मोजून, उपग्रहचित्रं बघून आणि गणित मांडून ठरवावं लागतं. ग्रामसभेत 'मॉडेल केलंय' असं कुणी म्हणालं तर कशाचं मॉडेल केलं, हे जरूर विचारा.

आता तुमच्या पुळणीबद्दल. पावसाळ्यातल्या लाटा उंच आणि घाईच्या असतात. त्या किनाऱ्यावरची वाळू ओढून शंभर-दोनशे मीटर आत नेतात आणि तिचा पाण्याखाली एक उंचवटा करतात. पुढच्या लाटा त्या उंचवट्यावरच फुटायला लागतात, म्हणजे किनाऱ्यानं स्वतःचा बांध स्वतःच घातलेला असतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत होतो, लांब आणि बुटक्या लाटा येऊ लागतात आणि तीच वाळू परत वर ढकलली जाते. हे चक्र फाल्गुनापर्यंत चालतं. म्हणून जुलैतला फोटो बघून किनारा कायमचा गेला असं म्हणू नये. आणि जानेवारीतला भरलेला किनारा बघून सगळं ठीक आहे असंही म्हणू नये. एका वर्षाच्या फाल्गुनाची पुढच्या फाल्गुनाशी तुलना करायची.

या चक्रासाठी मागे वाळूची शिल्लक लागते. गडग्यापुढची वाळूची टेपाडं, केवड्याखालची वाळू, ही ती शिल्लक. मोठ्या वादळात समुद्र तिथून वाळू घेतो. दगडी भिंत घातली की ती शिल्लक भिंतीमागे बंद होते. लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. पायथा खोल झाला की आणखी मोठी लाट भिंतीपर्यंत पोचते, कारण लाट केवढी येणार हे तिथल्या पाण्याच्या खोलीवर ठरतं. लाटेची उंची साधारण खोलीच्या पाऊणपटीवर गेली की ती फुटते. पाणी उथळ तर लाट लहान, खोल तर मोठी. शेजारच्या वाडीत बाबांनी जे पाहिलं ते हेच.

भिंत मागची जमीन राखते. पुळण राखणं हे तिचं कामच नाही. गावाला यातलं काय राखायचं आहे, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही हवं असेल तर नुसत्या भिंतीनं ते होणार नाही.

काही प्रश्न विचारतो. जवळ खाडीचं मुख आहे का, आणि कुठल्या बाजूला? खाडीतून वाळूउपसा होतो का? शेजारचा बंधारा संपतो तिथून तुमचं आगर किती लांब आहे? गेल्या दहा वर्षांत जवळपास जेटी किंवा लाटरोधक भिंत झाली का?

आगरातली | १५ जुलै, दुपारी १.४०

काका, इतक्या आपुलकीनं लिहिलंत, मनापासून आभार. आत्ताच बाबांशी बोलले. खाडीचं मुख उत्तरेला, दीड-दोन किलोमीटरवर. पूर्वी खाडीतून वाळू काढायचे, होडीवर सक्शन पंप लावून, रात्रीसुद्धा. सध्या बंद आहे असं म्हणतात. शेजारचा बंधारा उत्तरेकडून येतो आणि आमच्या गडग्याच्या अलीकडे साधारण १५० मीटरवर संपतो. पडलेले सातही माड त्याच बाजूचे आहेत. हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तरंगकाका | १५ जुलै, दुपारी ४.१५

बंधाऱ्याच्या टोकाशी धूप वाढते हे नेहमीचं आहे. भिंतीमागची वाळू मिळेनाशी होते, मग समुद्र भिंत संपते तिथून घेतो. पण नुसतं एवढ्यावरून तोच दोषी असं मी म्हणणार नाही. वाळूउपसा आणि निसर्ग वादळ, दोन्हींचा हात असू शकतो. मोजमाप हवं.

देवबागकर | १६ जुलै, रात्री ९.२०

धागा वाचला. काकांचा अनुभव मोठा आहे, आदर आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. मी नोकरीसाठी पुण्यात, हडपसरला. घर मालवण तालुक्यात देवबागला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी घराच्या पुढच्या दारातून दर्या दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. मागे सरका म्हणाल तर कुठे सरकायचं?

आमच्याकडे उधाण इला की झोप नाय. माझी आई पावसाळ्यात कपाटातलं सामान माळ्यावर ठेवते. बंधारा नसता तर आमच्या वाडीतली काही घरं आज नसती. पुण्यात बसून 'पुळण हवी' म्हणणं सोपं आहे. घर गेल्यावर पुळणीवर कोण राहणार?

तक्रार एकच आहे. आमच्याकडचे दगड चार-पाच वर्षांत खाली बसले. वाळूनं गिळल्यासारखे. मग पुन्हा वर दगड, पुन्हा निविदा.

तरंगकाका | १७ जुलै, सकाळी ८.०५

देवबागकर, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. जिथं सरकायला जागाच नाही आणि माणसं राहतात, तिथं भिंत लागते. केरळात कोचीजवळ चेल्लानमला लोक वर्षानुवर्षं घरात समुद्राचं पाणी घेऊन जगत होते. तिथं सुमारे ७ किलोमीटर टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची, भिंत झाली आणि त्या पट्ट्यातल्या लोकांना खरोखर दिलासा मिळाला. त्यांना 'निसर्गाला वाट द्या' म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण भिंत संपली त्यापुढच्या कन्नमालीच्या बाजूला लोकांचा त्रास वाढला, तोही विसरता येत नाही.

दगड बसतात त्याचं कारण बहुतेक वेळा वाळूवर थेट दगड टाकलेले असतात. लाट आली की दगडांच्या फटीत पाणी घुसतं आणि परतताना खालची वाळू शोषून बाहेर काढतं. दगड खाली जातो. म्हणून आधी गाळणीचा थर हवा. जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर बारीक खडी, मग मध्यम दगड आणि सगळ्यात वर मोठे. पायथ्याशी समुद्राच्या बाजूला दगडांचा रुंद आडवा पट्टा टाकायचा, म्हणजे वाळू उकरली गेली तरी ते दगड घरंगळून त्या खड्ड्यात बसतात आणि वरची भिंत राहते. निविदेत पायथ्याची पातळी काय धरली आहे ते बघा. पावसाळ्यात वाळू जितकी खाली उतरते त्याच्याही खाली पायथा हवा. मेमध्ये भरलेल्या वाळूवरून मोजून पायथा धरला असेल तर पहिल्याच जुलैत तो उघडा पडतो.

दुसरी गोष्ट वजनाची. वरच्या दगडाचं लागणारं वजन लाटेच्या उंचीच्या घनानं वाढतं. लाट दुप्पट झाली तर दगड आठपट जड लागतो. म्हणून 'जवळच्या खाणीत मिळतो तो दगड' हा हिशेब किनाऱ्यावर चालत नाही. तेवढा मोठा दगड मिळत नाही, तेव्हाच टेट्रापॉडसारखे ठोकळे वापरायचे. त्यांचे पाय एकमेकांत अडकतात आणि कमी वजनात काम होतं. दुरून सगळे बंधारे सारखेच दिसतात, आत काय आहे त्यावर आयुष्य ठरतं.

काँक्रीटमित्र | १७ जुलै, रात्री १०.५०

काका, तुमचे प्रतिसाद जपून ठेवतोय. मी सिव्हिल इंजिनिअर, बाणेरला एका सल्लागार कंपनीत आहे. जिओट्यूबबद्दल लिहितो, कारण गावांना हल्ली तो पर्याय सुचवला जातो. मजबूत विणलेल्या कापडाच्या लांबच लांब नळ्या, आत पंपानं वाळू भरायची. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात पेंठा गावी ५०५ मीटरचा असा बांध आहे, रचना आयआयटी मद्रासची. तिथं आधीचा मातीचा बांध समुद्रानं खाल्ला होता, त्या जागी नळ्या रचून त्यावर दगडाच्या जाळ्या घातल्या.

फायदा हा की जड दगड खाणीतून आणावा लागत नाही. पण कापडाला ऊन चालत नाही, होडीचा नांगर चालत नाही, कुणी कोयतीनं कापलं तर आतली वाळू दोन उधाणांत बाहेर. वरून झाकून घ्यावं लागतं आणि दरवर्षी कुणीतरी फाटलेलं शिवायला लागतं. आपल्याकडे बांधायला पैसे मिळतात, देखभालीला मिळत नाहीत. माझ्या कामातला हा सगळ्यात कडू अनुभव.

एक आकडा, लोक घाबरतात म्हणून. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातली उपग्रहचित्रं तपासली. देशाच्या मुख्य भूमीच्या ६,६३१ किलोमीटर किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के खचतोय, पण २६.९ टक्के वाढतोयही. वाळू नाहीशी होत नाही. ती कुठेतरी अडते आणि कुठेतरी पोचत नाही.

सायकलवाली | १८ जुलै, सकाळी ९.१५

काका, पाँडिचेरीचं राहिलं.

तरंगकाका | १८ जुलै, सकाळी ११.३०

हो, लिहायचं होतंच. पाँडिचेरीची गोष्ट समजली की अर्धी किनारा-अभियांत्रिकी समजते.

पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब केला तर वाळू किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, दरवर्षी लाखो घनमीटर. १९८० च्या दशकाच्या शेवटी पाँडिचेरीला बंदरासाठी लाटरोधक भिंती समुद्रात काढल्या. वाळू दक्षिणेला अडली, तिथं किनारा रुंद झाला आणि उत्तरेला शहराचा किनारा काही वर्षांत गेला. अडलेली वाळू पंपानं उत्तरेला टाकायची सोय योजनेत होती, ती नीट चालली नाही. मग दगड टाकले. दगडांमुळे धूप आणखी उत्तरेला, बोम्मैयारपाळयमसारख्या मच्छीमार गावांकडे सरकली. चेन्नईतही असंच झालं होतं. १८७६ मध्ये बंदराचं काम सुरू झालं, दक्षिणेला वाळू साठून आजचा भव्य मरीना किनारा तयार झाला आणि उत्तरेला रोयापुरमचा किनारा खचला. मरीनावर फिरताना हे कुणाला आठवत नाही.

२०१८ च्या सुमारास राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं पाँडिचेरीत पाण्याखाली पाचरीच्या आकाराचं लोखंडी प्रवाळभिंतीसारखं बांधकाम बसवलं. लाटा त्यावर आधीच फुटतात, मागे पाणी शांत होतं, आणि शांत पाण्यात वाळू खाली बसते. सायकलवालींनी पाहिलेली वाळू ती.

कोकणात तसंच्या तसं उचलून चालणार नाही. पाँडिचेरीला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो. दापोलीच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत तो दोन-तीन मीटर असतो. म्हणजे ओहोटीला ते बांधकाम उघडं पडेल आणि भरतीला, धूप जेव्हा होते नेमकी तेव्हा, लाटा त्याच्या डोक्यावरून निघून जातील. उंच केलं तर खर्च आणि होड्यांना धोका. अशक्य म्हणत नाही, रचना वेगळी लागेल. शिवाय कोकणातल्या पुळणी बऱ्याचदा दोन डोंगरी नाकांच्या मधे, ओंजळीसारख्या असतात. वाळू त्या ओंजळीतच इकडून तिकडे फिरते. त्यामुळे आपल्याकडे बाहेरून येणारा ओघ कमी, आणि ओंजळीतून वाळू काढून नेली तर ती भरून यायला फार काळ लागतो.

मर्यादावेल | १९ जुलै, दुपारी ३.२५

वनस्पतिशास्त्र शिकवते, पुण्यातच. नावावरून कळलं असेल मी काय लिहिणार ते.

मर्यादावेल म्हणजे पुळणीच्या वरच्या कडेला जांभळी फुलं येणारी, बकरीच्या खुरासारख्या पानांची वेल. समुद्रानं इथवर यावं, ही मर्यादा, म्हणून नाव. ती आणि स्पिनिफेक्सचं काटेरी गवत वाऱ्यानं उडणारी वाळू अडवतात. वाळू वर चढली की वेल आणखी वर वाढते, पुन्हा वाळू अडते. टेपाड असं तयार होतं. त्याच्यामागे निरगुडी, केवडा, मग उंडी. काकांनी सांगितलेली शिल्लक या झाडांनी जमवलेली असते.

सुरूबद्दल थोडं. सुरू आपला नाही, लावलेला आहे. दाट लावला की खाली सुयांचा जाड थर साचतो आणि मर्यादावेल तिथं तग धरत नाही. ओल वर असलेल्या वाळूत मुळं खोल जात नाहीत, म्हणून निसर्ग वादळात रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. सुरू काढून टाका असं अजिबात म्हणत नाही, मागच्या बाजूला वारा अडवायला तो चांगला. पण समुद्राकडची पहिली ओळ वेलीची आणि गवताची असावी. वेलीचे तुकडे ओल्या वाळूत खोचले की ऑगस्टमध्ये सहज लागतात, खर्च जवळजवळ नाही. फक्त त्यावरून जीप आणि घोडागाड्या नेऊ नयेत. वेळास-आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात तीही याच वरच्या पट्ट्यात. भिंत घातली की कासवाला खड्डा करायला कोरडी वाळूच उरत नाही.

झाडं उधाणाची मोठी लाट थांबवतील असं मात्र कुणी समजू नये. ती वाळू जमवतात, बाकी काम वाळूचं.

धायरीहून | १९ जुलै, रात्री ११.४८

बरेच दिवस लिहावं की नाही विचार करत होतो. मी धायरीला राहतो. २०१४ मध्ये किनाऱ्याजवळ जागा घेतली, सुट्टीत जायला घर बांधलं. समोर वाळूचा उंचवटा होता, वर झुडपं. व्हरांड्यातून समुद्र दिसत नव्हता. जेसीबी बोलावून तो सपाट केला आणि ती वाळू भरावाला वापरली. स्थानिक गवंडी म्हणाला होता, "साहेब, हा काढू नका." मी ऐकलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पाणी व्हरांड्यात आलं. तेव्हापासून बंधाऱ्यासाठी अर्ज करणाऱ्यांत मीही आहे.

या धाग्यानंतर पहिल्यांदा कळलं की मी काय काढून टाकलं. माझ्या एका भिंतीसाठी शेजारच्या कोळी कुटुंबाची होडी लावायची जागा जाणार असेल तर तो अर्ज मी मागे घेईन. कृपया सांगा, उंचवटा परत तयार करता येतो का?

मर्यादावेल | २० जुलै, सकाळी ७.१०

येतो. हळू येतो, पण येतो. दिवाळीनंतर, वारा कोरडा झाला की, कुडाच्या किंवा झावळ्यांच्या सच्छिद्र कुंपणाच्या दोन ओळी घाला, गुडघ्याच्या थोडं वर. अर्धी फट, अर्धा कूड. वाळू आपोआप मागे साठते. त्यावर वेल लावा. आणि घरातून समुद्राकडे जायची वाट सरळ न ठेवता तिरकी ठेवा, नाही तर वारा आणि पाणी त्याच फटीतून आत येतं. आधी किनारा नियमन क्षेत्राचे नियम तपासून घ्या आणि ग्रामपंचायतीला सांगा.

देवबागकर | २० जुलै, रात्री ८.३०

धायरीहून, तुम्ही लिहिलंत याबद्दल तुमचा आदर वाटतो. आमच्याकडेही हेच झालंय. फरक इतका की आमच्या गावात आधी पर्यटनासाठी पुढची वाळू सपाट झाली, आणि नंतर राहत्या घरांचा नंबर लागला.

काका, एकच विचारतो. बाहेरून वाळू आणून टाकतात म्हणे. ते का नाही करत?

तरंगकाका | २१ जुलै, सकाळी ८.४०

करतात, आणि पुळण राखायची असेल तर तोच सगळ्यात सरळ उपाय आहे. विशाखापट्टणमला बंदर १९३३ मध्ये सुरू झालं. तिथं बंदराच्या तोंडाशी साठणारी वाळू उपसून शहराच्या किनाऱ्यावर टाकायची पद्धत जुनी आहे. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला १९६२ ते १९६४ मध्ये ट्वीड नदीच्या मुखाशी भिंती लांबवल्या आणि पलीकडचा किरा किनारा खचला. २००१ पासून तिथं पंप बसवून वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर वाळू नळीतून पलीकडे टाकतात. भिंत आहे तोवर पंप चालू ठेवावा लागणार. नेदरलँड्सनं २०११ मध्ये एकाच ठिकाणी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा ढीग घातला आणि वारा-लाटांनाच ती किनाऱ्यावर वाटू दिली.

आपल्याकडे अडचण वाळू कुठून आणायची ही आहे. किनाऱ्यावरच्या कणाइतकाच किंवा थोडा जाड कण हवा, बारीक असेल तर एका पावसाळ्यात वाहून जातो. कोकणातल्या बंदरांतून उपसला जातो तो बहुतेक चिखल, तो कामाचा नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचा जो दांडा असतो तो तर अजिबात हलवू नये, कारण तोच शेजारच्या पुळणीला वाळू पुरवतो. खोल समुद्रातून, जिथली वाळू लाटांनी हलत नाही तिथून काढावी लागते, आणि तेवढी यंत्रणा एका गावाच्या ४०० मीटरसाठी येत नाही. तालुक्यातल्या पाच-सहा गावांनी मिळून मागणी केली तर हिशेब बसू शकतो.

देवबागसाठी माझं मत विचाराल तर भिंत असू द्यावी, पण नीट गाळणीची, आणि तिच्यापुढे वाळूचा भराव हा त्याच योजनेचा भाग असावा, दर काही वर्षांनी पुन्हा भरण्याच्या तरतुदीसह. आगरातली ताईंच्या गावी मात्र गडग्यामागे आगराची जागा आहे. तिथं ४०० मीटर भिंत घातली तर टोकाची धूप आणखी दक्षिणेला जाईल आणि दोन वर्षांत पुढची वाडी हाच धागा काढेल.

ताई, दसऱ्यापर्यंत एक काम करता येईल. मोजणी. दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या, दर सेंटीमीटरला खूण करा. गडग्यावर रंगाची पक्की खूण करून तिथून सुरुवात. दोन काठ्या दोन मीटर अंतरावर उभ्या धरायच्या, एक समुद्राकडे. मागच्या माणसानं पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणून बघायचं. ती रेषा आपल्या काठीला वरून जितक्या सेंटीमीटरवर लागते तितका तिथं उतार. मग काठ्या पुढे सरकवायच्या, पाण्यापर्यंत. आकडे वहीत. साठ-सत्तर वर्षं जुनी पद्धत आहे, शाळेतली मुलंही करू शकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सकाळी सहाच्या सुमाराच्या ओहोटीला करा, तेव्हा जास्तीत जास्त वाळू उघडी असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे बाबांना माहीत असेलच.

आगरातली | २१ जुलै, सकाळी ९.०२

हो काका, अष्टमीला सहा वाजता भरती, तिथून पुढे रोज पाऊण तास. बाबांनीच लहानपणी शिकवलं. आषाढ अमावास्येला जातेय.

आगरातली | ९ ऑक्टोबर, रात्री ९.३५

मंडळी, उशीर झाला, पण दोन मोजण्या करून आलेय.

आषाढ अमावास्येला तीन रेषा मोजल्या. एक आमच्या गडग्यापासून, एक गावाच्या दक्षिण टोकाला, एक शेजारच्या बंधाऱ्यासमोर. भाऊ आधी आला नाही, दुसऱ्या रेषेला आला आणि तिसरीला काठी त्याच्याच हातात होती. परवा कोजागरीला त्याच तीन रेषा पुन्हा मोजल्या. दक्षिण टोकाला वरची वाळू जवळजवळ पाऊण मीटर चढली आहे. आमच्या गडग्यासमोर ३० सेंटीमीटर. बंधाऱ्यासमोर काहीच नाही, उलट पायथा थोडा खालीच गेलाय. बाबांनी तिन्ही आलेख शाळेच्या आलेखवहीत काढले आणि ग्रामसभेत फळ्यावर टाचले.

वाद झाला, बराच. ज्या दोन घरांच्या मागे पाणी आलं होतं त्या घरातल्या वहिनी रडल्या. त्यांचं खरंच आहे, त्यांना फाल्गुनापर्यंत थांबा सांगता येत नाही. शेवटी असं ठरलं की त्या दोन घरांपुढे तात्पुरत्या वाळूच्या पिशव्या, वरून झाकलेल्या. ४०० मीटरचा ठराव मे महिन्यातल्या ग्रामसभेपर्यंत पुढे. तोवर दर अमावास्येला मोजणी. खाडीतल्या वाळूउपशावर लक्ष ठेवायला सहा जणांची समिती, त्यात दोन मच्छीमार. आणि शेजारच्या वाडीला पत्र, की बंधाऱ्याच्या टोकाचं काय करायचं ते दोघांनी मिळून बघू. तिकडून अजून उत्तर नाही.

आठवा माड अजून उभा आहे. बाबांनी मुळांभोवती वाळू ओढून झावळ्या लावल्यात.

पुढची मोजणी अश्विन अमावास्येला, म्हणजे ऐन दिवाळीत. आम्ही आदल्या दिवशी पहाटे चारला कोथरूडहून निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. काका, तुम्ही आलात तर बाबांना फार आनंद होईल, त्यांनी तुमच्यासाठी प्रश्न वहीत लिहून ठेवलेत.

तरंगकाका | १० ऑक्टोबर, सकाळी ६.५०

येतो. बंधाऱ्याच्या टोकाशी आणखी एक रेषा मोजू, ती राहिली आहे. काठ्या मी आणतो.